पाऱ्याचे विष सांडले असेल तर होज आधी बंद ठेवा

प्रश्न असा आहे : खानदेशातल्या नगरपरिषदेचे छोटे अग्निशमन केंद्र, एक बंब, पाच-सहा जवान, दोन बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची श्वसनयंत्रे). सुरत-धुळे-जळगाव महामार्गावर ट्रक उलटून किंवा एमआयडीसीतल्या गोदामात पाऱ्याच्या विषारी संयुगाचे पिंप फुटल्याची वर्दी आली, तर पहिल्या तासात काय करायचे? आणि सांडलेला माल पाण्याने धुऊन काढला तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सगळे नुकसान तिथेच होते. नाही, अजिबात धुऊ नका. पाऱ्याची बहुतेक संयुगे घन असतात. पांढरी, पिवळी किंवा लाल भुकटी किंवा स्फटिक. पेट्रोलसारखी ती वाहत नाहीत आणि क्लोरीनसारखी हवेत पसरत नाहीत. आग नसेल, वारा नसेल, तर सांडलेली भुकटी तासभर जिथल्या तिथे पडून राहते. तिला हलवतात आपले बूट, आपला झाडू आणि सर्वांत जास्त आपले पाणी. आग लागली की पाणी मारायचे, हे जवानाच्या हातात मुरलेले असते. इथे त्या हाताला थांबवावे लागते.

आकडेच पाहा. मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे वैद्यकातला रसकापूर, पाण्यात चांगला विरघळतो. लिटरभर पाण्यात साधारण ७० ग्रॅम. एक किलो रसकापुरात सुमारे ७३९ ग्रॅम पारा असतो. पिण्याच्या पाण्यातली भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. हा एक किलो ओढ्यात गेला तर त्या मर्यादेपर्यंत पातळ व्हायला सुमारे ७४ कोटी लिटर पाणी लागेल. बंबात पाणी असते साडेचार हजार लिटर. म्हणजे धुतल्याने विष कमी होत नाही, ते फक्त नजरेआड होऊन वाघूर, गिरणा किंवा तापीच्या वाटेला लागते.

आपल्या भागात हा माल कुठे भेटतो ते ठाऊक असेल तर वर्दी आल्याबरोबर अंदाज बांधता येतो. पहिली जागा रस्ता. गुजरातच्या रासायनिक पट्ट्यातून विदर्भाकडे जाणारी वाहतूक नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे या वाटेने येते. दुसरी जागा प्रयोगशाळा : शाळा-महाविद्यालयांतल्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या बाटल्या, आणि सांडपाण्याची सीओडी चाचणी, म्हणजे त्यातल्या प्रदूषणाची मोजणी, करणाऱ्या कारखान्यांच्या लॅब. या दुसऱ्या जागेकडे फार दुर्लक्ष होते. जुन्या पद्धतीच्या एका चाचणीत साधारण ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडते. तीनशे चाचण्यांचे टाकाऊ द्रव एका कॅनमध्ये साठवले असेल तर त्यात सुमारे ८० ग्रॅम पारा असतो, आणि तो गंधकाम्लात, क्रोमियम आणि चांदीच्या क्षारांसोबत. तिसरी जागा शेतीमालाची जुनी गोदामे. उसाच्या बेण्याला आणि बटाट्याला लावायचे मिथॉक्सी इथाईल मर्क्युरी क्लोराईड, म्हणजे एमिसान, ॲरेटान, ॲगलॉल या नावांनी विकले जाणारे औषध, केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केले. पण बंदी आली म्हणून कोपऱ्यातला गंजलेला डबा आपोआप नाहीसा होत नाही. हे सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या, पाऱ्याचे संयुग आहे, आणि सेंद्रिय प्रकाराला वेगळी वागणूक द्यावी लागते. ते पुढे येईलच.

घटनास्थळी जाताना वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा पाठीवर घेऊन जा. बंब सांडलेल्या जागेपासून लांब आणि चढावर उभा करा. सुरुवातीचा घेरा घन मालासाठी सर्व बाजूंनी किमान २५ मीटर, द्रवासाठी ५० मीटर. टँकर किंवा मालाचा ट्रक पेटला असेल तर ८०० मीटर. एप्रिल-मे मध्ये खानदेशात दुपारी वावटळी उठतात, त्यामुळे उघड्या भुकटीसाठी २५ मीटर पुरत नाहीत. वाऱ्याच्या खालच्या बाजूला घेरा मोठाच ठेवा. बघ्यांना हटवण्यासाठी पोलीस पाटील आणि सरपंचांना लगेच हाताशी घ्या. अहिराणीत, ओळखीच्या माणसाने सांगितलेले लोक पटकन ऐकतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला लावा : फुटलेली पिंपे, रिकाम्या गोण्या, प्लास्टिकच्या बरण्या कुणी घरी न्यायच्या नाहीत. अपघातग्रस्त ट्रकमधला माल उचलून नेणे आणि रिकाम्या पिंपात पाणी भरणे हे दोन्ही नेहमी घडते.

ओळख पटवण्यासाठी आत शिरायची गरज नसते. दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या झूमने फलकावरचा चार आकडी यूएन क्रमांक वाचा. १६२४ म्हणजे मर्क्युरिक क्लोराईड, १६२५ मर्क्युरिक नायट्रेट, १६४१ ऑक्साईड, १६४५ सल्फेट, २०२५ पाऱ्याचे इतर घन संयुग, २०२४ द्रव संयुग. २८०९ असेल तर तो धातुरूप पारा आहे आणि त्याचे काम वेगळे. फलकावर हॅझकेम कोड, म्हणजे आग विझवण्याचा आणि बचावाचा सांकेतिक सल्ला, असेल, उदाहरणार्थ २एक्स, तर २ म्हणजे बारीक फवारा आणि एक्स म्हणजे पूर्ण रासायनिक सूट, बीए सेट, आणि माल गटारात जाऊ न देता अडवणे. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे मालाच्या आपत्कालीन सूचनांचे कार्ड, असायला हवे. किरकोळ मालाच्या ट्रकवर मात्र बरेचदा फलकच नसतो. तिथे बिल्टी मागा आणि माल पाठवणाऱ्याला फोन लावून संयुगाचे नेमके नाव, वजन आणि पॅकिंग विचारा. 'केमिकल पावडर' एवढ्यावर समाधान मानू नका. सल्फेट, नायट्रेट, सायनाईड की सेंद्रिय, यावर पुढचा प्रत्येक निर्णय ठरतो.

मीटरच्या भरवशावर राहू नका. केंद्रातला चार वायूंचा मीटर पाऱ्याच्या क्षाराला काहीही दाखवत नाही. वासही येत नाही. पाऱ्याच्या वाफेसाठी खास विश्लेषक किंवा डिटेक्टर ट्यूब लागते, आणि तीही भुकटीची धूळ ओळखत नाही. जवळ असलेल्या साध्या गोष्टींनी थोडे कळते. पांढरी भुकटी ओलाव्याच्या जागी पिवळी पडत असेल तर मर्क्युरिक सल्फेटचा संशय घ्या; पाणी लागले की त्यातून पिवळा क्षार आणि गंधकाम्ल तयार होते. साचलेल्या द्रवाला पीएच पट्टी लावा. आणि घासून चकचकीत केलेली तांब्याची तार चिमट्याने त्या द्रवात मिनिटभर बुडवा. विरघळलेला पारा असेल तर तारेवर चंदेरी थर चढतो. थर चढला नाही म्हणून पारा नाही असे मात्र समजायचे नाही. न विरघळणारे आणि सेंद्रिय संयुग या चाचणीतून निसटते.

आता पोशाख. आगीचा जाड कोट-पँट रसायनासाठी नाही. कापड धूळ आणि द्रव दोन्ही शोषते, आणि कातडी हातमोजे तर विष साठवूनच ठेवतात. असेंद्रिय क्षार सांडले असतील आणि आग नसेल, तर बीए सेट, धूळ व शिंतोडे अडवणारा रासायनिक सूट, नायट्राईलचे दुहेरी हातमोजे आणि रबरी गमबूट एवढे पाहिजे. मनगट आणि घोट्याजवळ सूट टेपने बंद करा. आत जाण्याआधी प्रत्येकाची अंगठी, साखळी, कडे काढून घ्या. सोन्याला पारा चिकटतो आणि ते विष घरी जाते. साधा धुळीचा मास्क चालणार नाही. पाऱ्यासाठीची खास फिल्टर कॅनिस्टर फक्त घेऱ्याबाहेर, डिकॉनच्या, म्हणजे अंगावरचे विष धुऊन काढण्याच्या, कामाला.

सेंद्रिय संयुग असेल, विशेषतः मिथाईल किंवा डायमिथाईल प्रकारचे, तर साधा सूट आणि साधे मोजे पुरत नाहीत. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाईल मर्क्युरीचे काही थेंब पडले. लेटेक्सचा मोजा त्यांनी घातलेला होता. तपासणीत दिसले की तो द्रव असल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होतो. लक्षणे काही महिन्यांनी दिसली आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणून अशा मालाला आत लॅमिनेटचा मोजा, त्यावर लांब निओप्रीनचा मोजा आणि वायुरोधक सूट लागतो. हे साहित्य केंद्रात नसेल तर जवानाला आत पाठवू नका. घेरा वाढवा, माल दुरून झाका, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षामार्फत ते साहित्य असलेल्या कारखान्याचे किंवा एनडीआरएफचे पथक मागवा. यात कमीपणा नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हा स्वतंत्र धोका आहे. ४४-४५ अंशांत बंद सूटमध्ये माणूस विषाआधी उष्माघाताने पडतो. ३०० बारचे ६.८ लिटरचे सिलिंडर कागदावर ४५ मिनिटे चालते, पण जड कामात अर्ध्या तासावर उतरते. आणि उन्हात मी तर सूटमधला वेळ १५ मिनिटांवर ठेवायला सांगेन, मग हवा कितीही उरली असो. दोघे आत, दोघे तयार कपड्यात बाहेर. आत जाण्याआधी आणि आल्यावर नाडी मोजा. मोठे काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करा. भुकटी झाकलेली असेल तर ती चार-पाच तास थांबू शकते. धातुरूप पारा सुटला असेल तर उन्हाचे गणित आणखी वाईट : बंद खोलीतली संपृक्त हवा २० अंशांना घनमीटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम वाफ धरते, ४० अंशांना ६० च्या वर. धातूची वाफ आणि असेंद्रिय संयुगे या दोहोंसाठी जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी १० आहे, आणि मिथाईलसारख्या अल्काईल संयुगांसाठी फक्त २.

प्रत्यक्ष काम झाकण्यापासून सुरू होते. शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद यासाठी उत्तम, आणि तो आपल्याकडे कुठेही मिळतो. भुकटीवर तो अलगद पसरा, कडांवर ओल्या वाळूच्या पिशव्या ठेवा. कागद झटकून टाकला तर त्याच्याच वाऱ्याने धूळ उडते. दोघांनी धरून उतरवायचा. गटाराची तोंडे, मोरीचे नळ आणि पुलाची भोके आधीच बंद करा.

काळ्या जमिनीबद्दल एक गोष्ट इथल्या प्रत्येक जवानाने लक्षात ठेवावी. पावसाळ्यानंतर कपाशीची काळी माती फुगून घट्ट होते आणि पाणी बऱ्यापैकी अडवते. पण एप्रिल-मे मध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांतून विषारी पाणी थेट खोल उतरते, विहिरीच्या दिशेने. म्हणून उन्हाळ्यात शेताच्या कडेला नुसता मातीचा बांध घालून पाणी अडवले असे समजू नका. आधी कागद, मग त्यावर बांध.

गोळा करताना प्लास्टिकची सुपली आणि फावडे वापरा, झाकणाची एचडीपीई (टणक प्लास्टिकची) पिंपे घ्या आणि ती दोन तृतीयांशच भरा. कोरडा झाडू नको. साधा व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच, तो मागच्या बाजूने बारीक धूळ आणि वाफ खोलीभर फेकतो. किंचित ओलसर वाळू भुकटीवर पसरून दोन्ही एकत्र उचलली की धूळ बसते. लाकडाचा भुसा, गोणपाट, कापसाची रुई यांचा मोह टाळा. जिनिंगच्या गावात ते हाताशी असते, पण मर्क्युरिक नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे आणि अशा मालाला पेटवू शकते. नायट्रेटजवळ स्पिरिटही नेऊ नका. अल्कोहोलशी त्याच्या क्रियेतून फल्मिनेट हे स्फोटक बनू शकते. अमोनिया आणि ॲसिटिलीनही दूर. गॅस कटरने पत्रा कापायचा विचार असेल तर तो सोडा.

ॲल्युमिनियमकडे कुणाचे लक्ष जात नाही. पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडते आणि धातू झपाट्याने पोखरत जातो. म्हणजे ॲल्युमिनियमची शिडी, कपलिंग, पत्र्याची पेटी. अशी शिडी सांडलेल्या द्रवात उभी राहिली असेल तर ती त्याच दिवशी कामातून काढा. वरून धुतलेली, चांगली दिसणारी शिडी पुढच्या वर्दीला माणसासकट मोडू शकते.

सीओडीच्या कॅनसारखे आम्लयुक्त द्रव सांडले असेल तर सर्वांत घातक चूक म्हणजे त्यावर सोडियम सल्फाईड ओतणे. 'पाऱ्याला गंधक बांधते' हे अर्धे ज्ञान इथे जीव घेते. आम्लात सल्फाईड पडले की हायड्रोजन सल्फाईड सुटतो, आणि बंद लॅबमध्ये तो काही श्वासांत माणूस पाडतो. थायोसल्फेट आम्लात पडले तर सल्फर डायऑक्साईड सुटतो. आधी कोरड्या वाळूने किंवा व्हर्मिक्युलाईट या शोषक खनिजाने द्रव शोषून घ्या. मग कडेकडेने, थोडा थोडा धुण्याचा सोडा टाका. फसफसेल, गरम होईल, म्हणून घाई नको. चुना एकदम टाकला तर उकळी फुटून शिंतोडे उडतात. सल्फाईडची प्रक्रिया हे नंतर, पीएच सांभाळून करणाऱ्या तज्ज्ञांचे काम आहे, आणि तिथेही ते जास्त झाले तर बांधलेला पारा पुन्हा विरघळतो. पाऱ्याचे सायनाईड असेल तर आम्लाचा थेंबही जवळ येऊ देऊ नका. कोरडी गंधकाची भुकटी धातुरूप पाऱ्यावर थोडे काम करते. विरघळलेल्या क्षारावर तिचा भरवसा नाही.

आग असेल तर निर्णय अवघड होतो. काही सेंद्रिय कीटकनाशकांच्या गोदामात 'जळू द्या, पाणी मारू नका' हा विचार केला जातो, कारण उच्च तापमानात ते रेणू मोडतात. पारा मोडत नाही. तो मूलद्रव्य आहे. कितीही तापवा, तो वाफ होऊन धुरासोबत वस्तीवर जाईल आणि थंड झाल्यावर तिथे बसेल. रसकापूर तर ३०० अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे साध्या आगीतही तो उडतो. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाईड, न विरघळणारा, म्हणून तुलनेने सौम्य. पण तापला की त्यातून पाऱ्याची वाफ आणि सल्फर डायऑक्साईड निघतो. तेव्हा आग लवकर विझवायची, पण कमीत कमी पाण्यात. छोट्या आगीला कोरडी पावडर किंवा सीओटू. मोठ्या आगीला बारीक फवारा, शक्य असेल तिथे फोम. सरळ जेट नको, तो भुकटी उधळतो. न पेटलेली पिंपे वेळेत ओढून बाजूला काढली तर निम्मे काम होते.

पाणी उघडण्याआधी ते कुठे साचणार हे ठरवा. एक जेट मिनिटाला ४५० लिटर देत असेल तर दहा मिनिटांत साडेचार हजार लिटर. ते धरायला पाच बाय सहा मीटरचे, कागद अंथरलेले आणि १५ सेंटिमीटर पाणी राहील असे आळे लागते. बांध २० सेंटिमीटरचा घाला. मिनिटाला शंभर लिटरच्या मिस्ट ब्रँचने (धुक्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलने) तेवढ्याच वेळात एकच हजार लिटर साचते. आळे भरत आले की ब्रँच बंद, असा एक माणूस फक्त आळ्यावर नेमा. पाणी निसटलेच, तर पाटबंधारे विभाग आणि खालच्या गावांच्या पाणीपुरवठा विहिरींना तत्काळ कळवा. त्या वेळी अंदाजाचे प्रमाण सांगत बसू नका. उपसा थांबवायला सांगा.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला डिकॉन केल्याशिवाय मोकळे सोडायचे नाही, जखमींचे प्राण वाचवणे तेवढे अपवाद. कागद अंथरलेल्या टबमध्ये उभे करून मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने वरून खाली. माणशी २०-३० लिटर पुरते, आणि ते पाणी पिंपात जाते, गटारात नाही. ब्लीचिंग पावडर वापरू नका, तिने पारा आणखी विरघळणाऱ्या रूपात जातो. सूट बाहेरच्या बाजूला गुंडाळत उतरवा, मास्क सर्वांत शेवटी. तोपर्यंत पाणी, चहा, बिडी, तंबाखू काही नाही. तंबाखू मळणारा हात हा विष पोटात जाण्याचा सरळ रस्ता आहे.

भुकटी पोटात गेली असेल तर उलटी करवू नका. रसकापूर जाताना अन्ननलिका जाळतो आणि परत येताना पुन्हा जाळतो. प्रौढासाठी एक ते चार ग्रॅम जीवघेणे ठरू शकतात, मूत्रपिंड बंद पडते. डोळ्यांत गेले तर १५ मिनिटे सतत पाणी. १०८ ला आणि धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला रुग्ण निघण्याआधी फोन करून संयुगाचे नाव सांगा. डॉक्टरांना ते लागतेच. असेंद्रिय पाऱ्यासाठी २४ तासांची लघवी तपासतात, मिथाईल प्रकारासाठी रक्त. डायमरकॅप्रॉल हे जुने औषध मिथाईल पाऱ्यात टाळतात, कारण त्याने पारा मेंदूकडे सरकू शकतो. वाफ किंवा धूर श्वासात गेलेल्या जवानाला बरे वाटत असले तरी निरीक्षणाखाली ठेवा. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उघडा पडतो.

बेण्याच्या औषधाचा किंवा औषध लावलेल्या बियाण्याचा साठा भिजला असेल तर ते धान्य जनावरांनाही जाऊ देऊ नका. इराकमध्ये १९७१-७२ साली मिथाईल पाऱ्याचे औषध लावलेला गहू लोकांनी खाल्ला; रंग धुतला की विष गेले असा अनेकांचा समज झाला होता. ६,५३० जण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले.

गोळा केलेला माल, वाळू, खरडलेली माती, टबातले पाणी आणि खराब झालेले सूट हे सगळे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येते. पिंपांवर संयुगाचे नाव, तारीख, ठिकाण लिहा आणि ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ताब्यात, मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) द्या. विल्हेवाट रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात होते. नगरपरिषदेच्या कचरा डेपोत एकही पिंप जाता कामा नये. कापडी होज, कातडी बूट, दोर आणि लाकडी दांडे धुऊन परत वापरात घेऊ नका, तेही त्याच कचऱ्यात. बंबाचे टायर आणि केबिनमधले पायपुसणे पुसून घ्या. रस्त्यावरची डांबराची वरची कपची खरवडून काढा. आसपासच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याचे नमुने पहिल्याच दिवशी घ्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, कारण भेगांत अडकलेला पारा तेव्हाच खाली सरकतो.